नाम्लो, डोको आणि आपला डफल

नेपाळात उतरलेला मराठी माणूस पहिल्या तासाभरात श्रीमंत होतो. हातातल्या दहा हजारांचे सोळा हजार होतात. १९९३ पासून हा दर बांधलेला आहे, एका भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी. काठमांडूच्या थामेल या पर्यटकांच्या भागातला दुकानदार भाव सांगण्याआधी ‘आयसी की एनसी’ विचारतो, म्हणजे भारतीय की नेपाळी. व्हिसा लागत नाही. सगरमाथा (म्हणजे एव्हरेस्ट) राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क जर्मन माणसाला ३,००० नेपाळी, आपल्याला सार्कवाले म्हणून १,५००. अन्नपूर्णा भागात त्याला ३,००० आणि आपल्याला १,०००. युरोपात कॉफीची किंमत रुपयांत करून दचकणारा माणूस इथे दुसरा कप सहज मागवतो.

गरीब देशात फिरायला गेल्यावर मन खजील होतं, असं पाश्चात्त्य प्रवासी भरपूर लिहितात. आपली अडचण त्यांच्यासारखी नाही. आपल्याला गरिबी पाहून धक्का बसत नाही, कारण ती न पाहण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. त्यातून नेपाळी माणूस तर ओळखीचा. सोसायटीच्या फाटकावरचा ‘बहादूर’ वीस वर्षं तिथे असतो आणि त्याचं खरं नाव सेक्रेटरीलाही ठाऊक नसतं. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांची राखण नेपाळी कामगार करतात, कोकणातल्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून तेच असतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इकडे यायला परवाना लागत नाही, तसा आपल्याला तिकडे जायला लागत नाही. फरक एवढाच की ते इकडे राबायला येतात आणि आपण तिकडे डोंगर बघायला जातो.

खजील होऊन कोणाच्या पाठीवरचं ओझं कमी होत नाही. वजनकाट्याने मात्र होतं. एव्हरेस्ट बेस कॅम्प किंवा अन्नपूर्णा सर्किटला जाणाऱ्या मराठी ग्रुपसाठी ही विषमता किलोत मोजता येते, रुपयांत मोजता येते, आणि त्यातली बरीचशी निघण्याआधीच ठरलेली असते. म्हणून हा लेख भरियांबद्दल.

भरिया म्हणजे भार वाहणारा. आपण त्याला पोर्टर म्हणतो, आणि बरेचजण सरसकट ‘शेर्पा’ म्हणतात, ते चूक. शेर्पा हा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू-सोलू भागातला एक समाज आहे, कामाचं नाव नव्हे. ट्रेकिंगच्या वाटेवर आपले डफल, म्हणजे लांबट मऊ बॅगा, वाहणारे बहुतेक भरिया राई, तामांग, मगर, गुरुंग असतात. खालच्या टेकड्यांतले शेतकरी, भातकापणीच्या मागेपुढे चार पैसे मिळवायला आलेले. ही नुसती नावाची बारीकी नाही. हजार-दीड हजार मीटरवरच्या गावात वाढलेल्या माणसाला ४,५०० मीटरवर पुण्याच्या माणसाइतकीच विरळ हवा बाधते. ‘त्यांना सवय असते’ या एका समजुतीपायी भरिया मेले आहेत.

आता वजन. पोर्टरांच्या सुरक्षेसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपची नेपाळसाठीची मर्यादा माणशी ३० किलो आहे, आणि उंची, हवामान, माणसाची ताकद पाहून ती कमी करावी असं त्यांचं म्हणणं. ३० किलो म्हणजे किती, तर आपल्या स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर, लोखंडासकट. तो जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्या माणसाचा चेहरा आठवा. मग बेस कॅम्पच्या ट्रेकची सुरुवात लुक्ला (२,८६० मीटर) ते शेवटचा मुक्काम गोरक्षेप (५,१६४ मीटर).

यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की नेपाळी माणूस तर याहून कितीतरी जास्त उचलतो. उचलतो, खरं आहे. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नामचे या खुंबूतल्या बाजाराच्या गावाकडे माल वाहणाऱ्यांचा अभ्यास आला होता. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि बायका ६६ टक्के भार वाहत होत्या. एकाच्या पाठीवर तर १८३ टक्के होता. पण ती बाजारहाटाची मालवाहतूक. तिथे किलोमागे पैसे मिळतात, म्हणून माणूस जास्त उचलतो. चाल अगदी संथ, थोडं चाललं की थांबायचं, आणि कुठे थांबायचं ते त्याचं तो ठरवतो. ट्रेकिंगच्या भरियाला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरलेला असतो. तुमच्या आधी मुक्कामी पोचायची घाई असते आणि तुम्ही जिथे जाल तिथपर्यंत वर चढावंच लागतं. दोन्ही एका तागडीत घालू नयेत.

हिशेब सोपा आहे. लुक्लाच्या विमानात माणशी १५ किलो सामान चालतं, हातातली बॅग धरून. त्यातले पाच किलो आपल्या पाठीवर ठेवायचे: पाणी, पावसाचं जाकीट, कॅमेरा, औषधं. डफलमध्ये उरले दहा. दोघांचे दोन डफल म्हणजे २०, त्यात भरियाचं स्वतःचं पाच-सहा किलो धरलं की २५-२६. चार किलोंची फट राहते आणि ती लागतेच, कारण तिसऱ्या दिवसापासून सामान फुगतं. ओले कपडे सुकत नाहीत. ‘एवढं जाकीट ठेवतोस का’ म्हणून कोणी वरून अडकवतं. उतरताना नामचेत घेतलेल्या याकच्या घंटा असतात.

गडबड कुठे होते, तर ‘तिघांत एक पोर्टर’ या पॅकेजात. तीन डफलचे ३० आणि त्याचे सहा, म्हणजे ३६, तेही सगळ्यांनी दहाची शिस्त पाळली तर. पाळत नाहीत. दीडदोनशे रुपयांचा हुक असलेला डिजिटल वजनकाटा ग्रुपमध्ये एकाने घ्यावा आणि लुक्लाला पहिल्या सकाळी, बोजे बांधण्याआधी, सगळ्यांसमोर वजनं करावीत. नंतर पाचव्या दिवशी परत एकदा. जास्तीचं सामान काठमांडूच्या हॉटेलात ठेवता येतं; बहुतेक हॉटेलं त्याचे पैसे घेत नाहीत.

बॅग कशी आहे यानेही फरक पडतो. भरिया दोन डफल एकावर एक ठेवून दोरीने आवळतो आणि तो गठ्ठा कपाळावरच्या पट्ट्यावर तोलतो. या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. बांबूची शंकूसारखी टोपली ती डोको, आणि इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी ती टोक्मा. थांबताना ओझं तिच्यावर टेकवायचं म्हणजे खाली उतरवावं लागत नाही. चाकांची ट्रॉली बॅग या गठ्ठ्यात बसत नाही, चाकं आणि सळ्या पाठीच्या कण्यावर रुततात. बक्कल-पट्टे लोंबणारी मोठी रकसॅकही त्रासाची. चाकं नसलेला मऊ डफल आणावा. कडक वस्तू मधोमध, कपडे बाहेरच्या अंगाला, आणि आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पावसात तो दोन किलोंनी जड होत नाही.

आता खास आपला विषय: खाऊ. घरून लाडू, चिवडा, भडंग, ठेपले, मेतकूट आणि ‘तिकडचं जेवण नाही जमलं तर’ म्हणून रेडीमेड उपमा-पोह्यांची पाकिटं. दहा जणांनी प्रत्येकी दोन किलो आणले की २० किलो झाले. म्हणजे एक अख्खा भरिया फक्त चिवडा वाहतो. त्यात दुसरी मेख अशी की वाटेवरची लॉजं खोलीवर कमावत नाहीत. खोली जवळजवळ फुकट देतात, ती तुम्ही तिथेच जेवाल या बोलीवर. दहा जणांनी डायनिंग हॉलमध्ये बसून नुसतं गरम पाणी मागवून स्वतःचे उपमे भिजवले, तर लॉजवाल्या दिदीचा दिवस फुकट जातो. माणशी अर्धा किलो खाऊ पुरे. दालभात घ्यावा, त्यात भात, डाळ, भाजी परत वाढतात आणि तो ताजा असतो.

वर चढावं तसे चहा-जेवणाचे भाव चढतात. मग ‘लूट आहे’ म्हणून घासाघीस सुरू होते. गोरक्षेपचा चहा ज्या सिलिंडरवर उकळतो तो कोणाच्या तरी किंवा याकच्या पाठीवरून किलोच्या दराने आलेला असतो. काठमांडूत गालिच्यावर खुशाल भाव करा, तिथला दुकानदार तुम्हाला पुरून उरेल. चार हजार मीटरवर चहाच्या कपावर करू नये.

पैशाचं गणित. हल्ली काठमांडूच्या एजन्सी भरियाचा रोज साधारण २,००० ते ३,००० नेपाळी सांगतात. २,५०० धरू. बेस कॅम्पचा बारा दिवसांचा ट्रेक म्हणजे ३०,००० नेपाळी, आपले १८,७५०. दोघांत वाटले तर माणशी ९,३७५, म्हणजे बऱ्या ट्रेकिंग बुटांच्या किमतीहून कमीच. तिघांत वाटले तर ६,२५०. वाचले ३,१२५. तेवढे आपण वाटेतल्या बेकऱ्यांतल्या केकवर, गरम पाण्याच्या अंघोळींवर आणि फोनच्या चार्जिंगवर उडवतो. तिसऱ्या डफलची काटकसर एवढीच.

पण एजन्सीने सांगितलेला रोज भरियाच्या हातात पडतोच असं नाही. साखळी लांब असते. पुण्या-मुंबईचा आयोजक, त्याची काठमांडूतली एजन्सी, तिचा सरदार (भरियांचा मुकादम) किंवा गाइड, आणि त्याने लुक्लाला ऐन वेळी उभा केलेला माणूस. प्रत्येक कडीला थोडं गळतं. स्वस्त पॅकेजात विमान, परमिट, लॉज यांचे दर बांधलेले असतात, तिथे कोणाला काही कापता येत नाही. कापता येतो तो एकच आकडा. त्यामुळे दोन पॅकेजांच्या भावात बरंच अंतर दिसलं तर पहिला प्रश्न हा, की भरियाच्या वाट्याचं काय.

विचारायचं ते पैसे भरण्याआधी, लेखी विचारा. किती जणांमागे एक भरिया? त्याच्या पाठीवर जास्तीत जास्त किती किलो? रोज किती, आणि तो जेवणखाण धरून की कोरडा? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि कोणीच विचारत नाही. कोरड्या रोजावरचा माणूस वरच्या महागाईत स्वतःच्या पोटाला चिमटा काढतो, एकवेळ जेवतो आणि तसाच ओझं घेऊन ५,००० मीटरवर चढतो. पुढे: त्याचा विमा आहे का, आणि त्यात हेलिकॉप्टर धरलं आहे का? आजारी पडून अर्ध्यातून परतला तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात का? गावाहून लुक्लापर्यंत येण्याजाण्याचा खर्च कोणाचा? चांगली एजन्सी या प्रश्नांना तासाभरात उत्तर देते, कारण तिच्याकडे ते लिहून ठेवलेलं असतं. ‘डोन्ट वरी सर, वुई टेक केअर’ एवढंच आलं तर दुसरी एजन्सी शोधा. वाटेत भरियाला एकटं गाठून ‘तुला नक्की किती देतात’ असं मात्र विचारू नका. तुम्ही बारा दिवसांनी घरी जाता, सरदाराकडे काम मागायला त्यालाच जायचं असतं.

विम्याबद्दल थोडं मागचं. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या चढाईतल्या खुंबू हिमप्रपातात हिमस्खलन होऊन मोहिमांवर काम करणारे १६ नेपाळी गेले. सरकारने प्रत्येक घराला आधी ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, म्हणजे आपले २५,०००. शेर्पा कामगार भडकले, तो हंगामच बंद पडला. त्यानंतर मोहिमांवरच्या कामगारांच्या जीवनविम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्नपूर्णा सर्किटवर थोरोंग ला या ५,४१६ मीटरच्या खिंडीच्या आसपास हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं मेली. त्यांत परदेशी ट्रेकर होते, तसे नेपाळी गाइड, भरिया आणि गुराखीही. आपण स्वतः ६,००० मीटरपर्यंतचा, हेलिकॉप्टरसकट विमा काढून येतो. भरिया त्या कागदात कुठेच नसतो. पैशाची हमी मिळाल्याशिवाय हेलिकॉप्टर उडत नाही, आणि बिल लाखांत जातं.

कपडे बघायचे ते वर लोबुचेला पोचल्यावर नाही, लुक्लाला. पहिल्या सकाळी काटा काढाल तेव्हाच गाइडला सोबत घेऊन प्रत्येक भरियाकडे काय आहे ते पाहा: पकड असलेले बंद बूट, वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि पँट, लोकरी टोपी, हातमोजे, दोन जोड्या मोजे, गॉगल, रात्रीसाठी ब्लँकेट किंवा स्लीपिंग बॅग. गॉगल हमखास राहतो. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे पोळतात, दुसऱ्या दिवशी उघडवत नाहीत. थामेलमधल्या केईईपी या संस्थेची भरियांसाठी कपड्यांची बँक आहे. अनामत ठेवून जाकिटं, हातमोजे वगैरे नेता येतात, परत केले की अनामत मिळते. आपल्या घरचे जुने जाड कपडे तिथे देऊनही टाकता येतात. काही जण वाटेत हौसेने जाकीट भेट देतात आणि भरियाने ते विकलं म्हणून नंतर हळहळतात. भेट दिली की ती त्याची झाली. मुलाच्या फीसाठी विकली असेल. उसनी दिली असेल तर तसं आधीच बोला.

झोपायचं काय, हा प्रश्न ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीत खरा ठरतो. लॉज भरली की खोल्या पाहुण्यांना जातात, गाइडला कुठेतरी कोपरा मिळतो आणि भरिया डायनिंग हॉलच्या बाकांवर झोपतात, पाहुणे उठून गेल्यावर. म्हणजे आपला मेंढीकोटाचा डाव रात्री दहापर्यंत रंगला की ती माणसं तोवर थंडीत ताटकळत असतात. पहाटे पाचला परत आपल्याआधी उठायचं असतं. साडेआठला हॉल रिकामा करावा. जेवणाचंही तसंच, पाहुण्यांचं आटोपल्यावर त्यांना वाढतात. दहा जणांनी दहा वेगळे पदार्थ सांगितले की स्वयंपाकघर दोन तास अडतं. तीन-चार पदार्थांत मागणी आवरली तर सगळेच लवकर जेवतात. गोक्यो खोऱ्यात मच्छेर्मो इथे (४,४७० मीटर) पोर्टरांसाठी वेगळं निवारागृह आणि मदतकेंद्र उभारलं गेलं, ते याच अनुभवांतून.

आजारपण भरिया लपवतो. का लपवतो, ते वरच्या रोजाच्या हिशेबात आहे. म्हणून रोज संध्याकाळी एकाने, शक्यतो ग्रुपमधल्या डॉक्टरने किंवा गाइडने, भरियांना भेटावं. डोकं दुखतंय का, जेवलास का, झोप लागली का. शंका आली तर सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर प्रकरण गंभीर आहे, त्याच दिवशी खाली न्यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. आणि एकट्याला कधीही पाठवायचं नाही. सोबत त्याची भाषा बोलणारा, वाट माहीत असलेला माणूस द्यायचा, हातात पैसे द्यायचे, ठरलेल्या सगळ्या दिवसांचा रोज द्यायचा. ‘हा घे पगार आणि जा खाली’ म्हणून सोडलेली माणसं वाटेत बसून राहिली आणि तिथेच गेली, असे प्रकार घडले आहेत. १९७३ पासून काम करणाऱ्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे दवाखाने एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला आणि अन्नपूर्णाच्या वाटेवर मनाङला हंगामात चालू असतात, नेपाळी रुग्णांना तिथे नाममात्र पैसे पडतात.

रजेचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करावा, हा सर्वमान्य नियम आहे. बेस कॅम्पच्या वाटेवर त्यासाठी नामचे आणि दिंगबोचे इथे एकेक दिवस थांबतात. रजा वाचवायला आयोजक त्यातला एक दिवस कापतात. कापला तर तुमच्यासाठी उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी असते, भरियासाठी काहीच नसतं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ‘हेलिकॉप्टर रिटर्न’ लोकप्रिय झालंय. गोरक्षेपहून उडायचं आणि दुपारी काठमांडूत. गुडघ्यांना बरं, दृश्य अप्रतिम. पण उतरणीचे तीन दिवस भरियाच्या रोजातून जातात, आणि त्याला तर तेवढंच अंतर पायी उतरायचं असतंच. बुक करताना लिहून घ्या की उतरणीचे दिवसही धरलेत. ऐन वेळी ठरवलंत तर ते पैसे तिथेच द्या.

वाटेवरचं वागणं. जड ओझ्याचा माणूस समोरून आला की डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं, दरीकडे नाही. खेचरं आणि याक येताना तर नक्कीच. झुलत्या पुलावर तो चढला असेल तर आपण थांबायचं. वाटेच्या कडेला कमरेच्या उंचीचे दगडी कट्टे दिसतात, काही ठिकाणी वड-पिंपळाखाली. त्या चौतारी, पाठीवरचं ओझं टेकवायला बांधलेल्या. आपण नेमके तिथेच सेल्फी काढायला ठाण मांडतो. मागून ७० किलोंचा प्लायवूड घेऊन आलेल्या माणसाला मग पुढच्या चौतारीपर्यंत तसंच जावं लागतं. त्याचा फोटो काढून ‘जिद्द’ असं लिहून टाकायचं असेल तर आधी त्याला विचारा. नाही म्हणेल कदाचित.

बोलणं. वाटेवर हिंदी चालते, कारण बऱ्याच जणांचं एखादं वर्ष दिल्लीत, मुंबईत नाहीतर केरळात गेलेलं असतं. आणि आपल्या मुंबईच्या हिंदीत ‘तू’ सहज येतं. नेपाळीत तँ, तिमी आणि तपाईं अशा पायऱ्या आहेत, आणि कोणी कोणाला काय म्हणतं याकडे लोकांचं बारीक लक्ष असतं. मोठ्याला दाइ, धाकट्याला भाइ, बाईंना दिदी किंवा बहिनी, आणि सगळ्यांना तपाईं. बहादूर नाही, कांछा नाही. कांछा म्हणजे घरातलं शेंडेफळ, चाळिशीच्या माणसाला अनोळख्याने तसं हाकारू नये. पहिल्या दिवशी नावं विचारून घ्या आणि वहीत लिहा. शिवाय ‘नेपाळ तर आपलाच हो’ हे आपण मायेने म्हणतो, तिकडे ते तसं ऐकू जात नाही. एप्रिल २०१५ च्या भूकंपातून सावरत असतानाच सप्टेंबरपासून सीमेवरून इंधन आणि औषधं येणं काही महिने अडलं. नाकाबंदी आपण केली नाही असं भारताचं म्हणणं, पण रांगेत रिकामा सिलिंडर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं मत वेगळं आहे.

मुलांना चॉकलेटं वाटू नयेत. खुंबूच्या वरच्या गावांत दंतवैद्य सहज मिळत नाही, आणि शाळा सोडून वाटेवर हात पसरण्याची सवय आपणच लावतो. वह्या-पेन्सिली द्यायच्या तर मुख्याध्यापकांकडे. काठमांडू-पोखऱ्यातल्या अनाथाश्रमाची ‘भेट’ पॅकेजात असेल तर ती सरळ काढून टाका. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं आणली जातात, आणि आश्रम पर्यटक जिथे येतात तिथेच दाटीने उगवतात. आपण दिलेल्या देणगीवर हा धंदा चालतो.

मग सरळ आपली सॅक आपणच उचलावी का? सह्याद्रीत तेच करतो आणि त्याचा अभिमानही असतो. नेपाळात जमत असेल तर जरूर उचला, पण ते भरियावरचे उपकार समजू नका. ट्रेकिंगच्या हंगामातल्या दोन महिन्यांच्या कमाईवर घरची तेल-मीठ-फी चालते. वाईट काही असेल तर ते ओझं वाहण्यात नाही, ३६ किलोंत आणि कोरड्या रोजात आहे.

शेवटी बक्षिशी. भरियाला दिवसामागे ५०० ते ७०० नेपाळी धरा, गाइडला त्याच्या दुप्पट, आणि ही रक्कम ग्रुपने काठमांडूतच काढून ठेवावी. नामचे-लुक्लाला एटीएम आहेत, पण वीज आणि नेटवर्कच्या भरवशावर. नोटा नेपाळीच असाव्यात. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, वर त्याचं नाव, आणि ते ज्याच्या त्याच्या हातात. सगळ्यांचे मिळून सरदाराकडे देऊ नयेत. बहुतेक भरिया तुमच्यासोबत काठमांडूला विमानाने येत नाहीत, लुक्लाहून पायी गावाकडे उतरतात, आणि विमानं पहाटे सुटतात म्हणून तुमची सकाळ धावपळीची असते. पाकिटं आदल्या संध्याकाळी द्या, जेवणाआधी.